एक वर्तमानपत्र दोघांना पुरेना : टिळक, आगरकर आणि अकरा वर्षांची एक मुलगी

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जे 'म्हंजे', 'बघा' येतात त्यातले निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.)

आजचा भाग कोयनानगरहून रेकॉर्ड करतोय. मागे सतत एक आवाज येत राहील, तो पावसाचा आहे. माईक बिघडलेला नाही.

गेल्या काही महिन्यांत तुमचे जे मेसेज आले त्यात एक विषय पुन्हा पुन्हा येतोय. निवडणूक झाली, निकाल लागला, नेते एकमेकांच्या लेकाच्या लग्नात जेवून आले, पण आमच्या आळीत दोन घरांचं बोलणं जे बंद झालं ते बंदच आहे. कुणाच्या घरात सख्ख्या काकाने ग्रुप सोडला. कुणाला शेजारी 'फुरोगामी' म्हणतो, कुणाला 'अंधभक्त'. यावर इतिहासातलं काही सांग ना, असं बऱ्याच जणांनी लिहिलं.

तर आज टिळक आणि आगरकर. थांबा, लगेच स्किप करू नका. शाळेत आपण यांच्यावर चार ओळींचं उत्तर लिहिलंय : "दोघे मित्र होते, आधी सामाजिक की आधी राजकीय यावरून मतभेद झाले, तरी मैत्री टिकली." तीन मार्कांना पुरतं. पण ही गोष्ट एवढी गुळगुळीत नाहीये. त्यात भांडण खरं आहे, पैशाचा विषय आहे, जिवंत माणसाची प्रेतयात्रा आहे, आणि ज्यांच्याबद्दल हे भांडण चाललं होतं त्या मुली आहेत. त्या तीन मार्कांच्या उत्तरात कधी येत नाहीत.

आधी भूगोल. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडलं की बातमी येते, '२१०० क्युसेकने विसर्ग'. ते पाणी पाटणवरून कऱ्हाडला जातं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, आणि तिथून थोडं खाली गेलं की टेंभू. टेंभू म्हटलं की आपल्या पिढीला योजना आठवते. आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळकडे पाणी चढवणारी टेंभू उपसा सिंचन योजना. पण त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ ला गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आणि नऊच दिवसांनी, २३ जुलैला, सह्याद्रीच्या पलीकडे रत्नागिरीत बाळ गंगाधर टिळक. मी बसलोय तिथून पूर्वेचा रस्ता कऱ्हाडला जातो आणि पश्चिमेचा कुंभार्ली घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा सुरू. म्हणजे आमचं गाव या दोघांच्या मधल्या रस्त्यावर आहे. याचा काही अर्थ नाही, पण मला सांगायला आवडतं.

दोघं नऊ दिवसांच्या अंतराने जन्मले, पण घरची परिस्थिती अगदी वेगळी. टिळकांचे वडील शिक्षक, पुढे शिक्षणखात्यात अधिकारी, संस्कृतचे जाणकार. आगरकरांच्या घरी गरिबी. पोरगा कऱ्हाडला शिकला, कचेरीत उमेदवारी केली, शिकायला रत्नागिरीला गेला, मग अकोल्याला नातेवाइकांकडे. तिथून १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. कॉलेजात एकच सदरा होता आणि रोज रात्री धुऊन सकाळी तोच घालायचे, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आईला लिहिलेलं पत्रही प्रसिद्ध आहे : मुलगा शिकला आता मोठ्या पगारावर जाईल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे, अशा अर्थाचं. हे पत्र वाचल्यावर मला नेहमी त्यांच्या आईचं काय झालं असेल असं वाटतं. आपण असं कॅम्पस प्लेसमेंटच्या आठवड्यात घरी कळवून बघा.

डेक्कन कॉलेजात १८७९ मध्ये आगरकर एम. ए. करत होते, टिळक कायद्याचा अभ्यास. रात्र-रात्र गप्पा, टेकडीवर फिरणं. तिथेच ठरलं, सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. विष्णुशास्त्री चिपळूणकर आधीच नोकरी सोडून आलेले. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. एक वर्षाने, जानेवारी १८८१ मध्ये, दोन वर्तमानपत्रं : इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी'. आता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की 'केसरी'चे पहिले संपादक टिळक नव्हेत, आगरकर होते. टिळक 'मराठा' बघायचे.

आणि वर्षभरातच दोघं कोर्टात.

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा दिवाण माधवराव बर्वे छळ करतो, अशी पत्रं त्यांच्या हाती आली आणि त्यावरून मजकूर छापला. पत्रं बनावट निघाली. (हो, १८८२ मध्येही फॉरवर्ड आलेलं तपासावं लागत होतं.) बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईतला डोंगरीचा तुरुंग, १७ जुलैपासून. म्हणजे आगरकरांना २६ वं लागून तीन दिवस झाले होते, आणि टिळकांचा २६ वा वाढदिवस तुरुंगात. थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला सुटले. बरोबर १०१ दिवस. आगरकरांनी नंतर या दिवसांवर पुस्तकच लिहिलं, आणि शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चं भाषांतर 'विकारविलसित' हेही याच कोठडीतलं काम.

त्या पुस्तकातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांची भांडणं. कोठडी छोटी, दोघं एकत्र, रात्री वाद सुरू व्हायचा. इतक्या मोठ्याने, की पहारेकऱ्याला येऊन गप्प करावं लागे. देश, धर्म, समाज, आपण काय चुकलो. तेव्हा मतं जुळत होती असं अजिबात नाही. पण दोघांना एकच कोठडी होती आणि दार बाहेरून बंद होतं. ग्रुप लेफ्ट करायची सोय नव्हती.

इथे एक तिसरा माणूस आणतो, कारण शाळेच्या पुस्तकात तो या गोष्टीत दिसत नाही. या दोघांच्या जामिनाला दहा हजारांची गरज होती तेव्हा ज्योतिराव फुल्यांनी खटपट केली. त्यांच्या सांगण्यावरून रामशेट बापूशेट उरवणे जामीन राहिले. आता हे लक्षात घ्या की 'केसरी'च्या मंडळींतले ज्येष्ठ, चिपळूणकर, यांनी 'निबंधमाले'त फुल्यांची यथेच्छ टर उडवली होती. त्यांच्या विचारांची आणि भाषेचीसुद्धा. फुल्यांचं उत्तर काय, तर पोरं एका राजासाठी लिहून अडकली आहेत, सोडवा. आज आपण 'सहिष्णुता' वगैरे शब्द वापरतो तेव्हा माझ्यासमोर टिळक-आगरकरांच्या आधी हे दहा हजार येतात. तेव्हाचे दहा हजार.

सुटून आल्यावर तीन-चार वर्षं चांगली गेली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. आणि मग फाटायला लागलं.

कशावरून? पुस्तकी उत्तर : आगरकर म्हणाले आधी समाज सुधारा, टिळक म्हणाले आधी स्वराज्य. हे चूक नाही पण हे इतकं हवेतलं आहे की भांडण का पेटलं ते कळत नाही. कुणी 'आधी-नंतर' या क्रमावरून जिवलग मित्राशी बोलणं सोडतं का? भांडण पेटलं ते ठरावीक मुलींवरून.

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी नावाच्या पारशी पत्रकाराने बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यावर टिपणं काढली आणि सरकारने यात लक्ष घालावं अशी मागणी केली. त्याच वर्षी पुण्यात रानड्यांच्या मंडळींनी मुलींचं हायस्कूल काढलं. त्याच वर्षी मुंबईत एक खटला उभा राहिला. रखमाबाई, सुतार समाजातल्या, अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवरा दादाजी भिकाजी. मोठी झाल्यावर तिने त्याच्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला : संमती कळण्याच्या वयाआधी झालेल्या लग्नावरून एका सज्ञान बाईला जबरदस्तीने पाठवता येणार नाही, अशी त्यांची भूमिका. वर अपील झालं आणि मार्च १८८७ मध्ये उलटा आदेश आला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने सांगितलं, तुरुंगात जाईन.

आता 'केसरी'ने काय लिहायचं? त्या काळी अग्रलेखावर नाव नसे. जे छापून येई ते सगळ्या मंडळाचं मत. आगरकर संपादक, पण मंडळात बहुमत टिळकांच्या बाजूने. टिळक आणि 'मराठा' रखमाबाईंच्या विरोधात होते, मुलींच्या हायस्कूलच्या अभ्यासक्रमाच्याही विरोधात होते. आगरकरांना मिल आणि स्पेन्सर पाठ. त्यांच्या मते ज्याला विवेकाने समर्थन देता येत नाही ती रूढी कितीही जुनी असो, टाकायची, आणि लोक टाकत नसतील तर कायदा करायचा. आपलं नाव संपादक म्हणून, आणि खाली मत दुसऱ्याचं. हे किती दिवस चालणार?

२५ ऑक्टोबर १८८७ ला आगरकरांनी 'केसरी' सोडला. एक वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ ला, स्वतःचा 'सुधारक' काढला. मराठी भाग आगरकर लिहायचे, इंग्रजी भाग बघायला एक बावीस वर्षांचा पोरगा होता, गोपाळ कृष्ण गोखले. 'केसरी' पुढे टिळकांकडे आला, कर्जासकट.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंट करा. माझ्या मते या दोघांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे हे वेगळं होणं. आपण 'मैत्री टिकली' म्हणतो तेव्हा असं वाटतं की दोघांनी कुठेतरी मध्यम मार्ग काढला. नाही काढला. रखमाबाईने सासरी जायचं की नाही जायचं याला मध्यम मार्ग नसतो, अर्धी जाणार का ती? त्यांनी एकमेकाला लेखणी खाली ठेवायला लावलं नाही आणि गोडगोड तडजोडीचे अग्रलेखही पाडले नाहीत. दोन छापखान्यांतून दोन मतं निघाली. आणि महत्त्वाचं म्हणजे, दोघं एकमेकाचं वाचत होते. नुसतं वाचत नव्हते, ओळीओळीला उत्तर देत होते. 'केसरी'ने लिहिलं की 'सुधारक' तुटून पडणार, 'सुधारक'ने लिहिलं की 'केसरी'. भाषा सभ्य होती असं मुळीच समजू नका. आज वाचलं तर काही लेख सरळसरळ ट्रोलिंग वाटतील. पण समोरच्याने नक्की काय म्हटलंय हे माहीत असल्याशिवाय तसं ट्रोल करता येत नाही.

इथे मला आमच्या कॉलनीतलं एक उदाहरण द्यायचंय, नावं न घेता. धरणाच्या कॉलनीत शेजारी-शेजारी राहिलेले दोन रिटायर्ड काका. एक पक्के देवधर्मवाले, दुसरे कधीच देवळात न गेलेले. माझ्या लहानपणी दोघांत मिळून एकच पेपर यायचा. आधी एकाकडे, दहा वाजता भिंतीवरून दुसऱ्याकडे. दुपारी त्याच बातमीवरून भांडण, आवाज तिसऱ्या क्वार्टरपर्यंत. आता दोघांकडे फोन आहेत, पेपर बंद केला. भांडण होत नाही. बोलायला एकच बातमी दोघांनी पाहिलेलीच नसते. रात्री एखादा हलका भूकंपाचा धक्का बसला, तसे आमच्याकडे बसतात, तर दोघं अंगणात येऊन 'जाणवला का?' एवढं विचारतात. मी इंजिनियर माणूस, फीड कसा बनतो ते मला माहितीय, त्यामुळे काकांना दोष द्यावासा वाटत नाही. टिळक-आगरकरांना एक वर्तमानपत्र पुरेना म्हणून दोन झाली. या दोघांना दोन झाली आणि वादच संपला.

असो. परत १८९० कडे.

त्या वर्षी टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीही सोडली. याचं कारण मात्र सामाजिक सुधारणा नव्हतं, निदान कागदावर तरी. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ठरावीक तुटपुंजा पगार घ्यावा, बाहेर कमाई करू नये, बाहेरची कामं घेऊ नयेत, असा टिळकांचा आग्रह होता. जेझुइट पाद्र्यांसारखं सगळं संस्थेला वाहून टाकायचं. आगरकरांसारख्यांचं म्हणणं, घरं चालवायची आहेत, थोडी मोकळीक हवी. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम घेतलं आणि वाद टोकाला गेला. टिळकांनी लांबलचक राजीनामा लिहून दिला. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण मोठमोठ्या तत्त्वांच्या भांडणाखाली पुष्कळदा पगाराची स्लिप असते आणि इतिहासाच्या पुस्तकात ती छापत नाहीत. जाता जाता, टिळक गेल्याने गणिताची जागा रिकामी झाली ती १८९१ मध्ये गोखल्यांच्या निमंत्रणावरून धोंडो केशव कर्वे यांनी भरली. तेच कर्वे, ज्यांनी दोन वर्षांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं.

वाळीत टाकण्यावरून आठवलं. 'टिळक सनातनी' असं आपण सरळ म्हणतो, पण खऱ्या सनातन्यांना ते मान्य नव्हतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, चाळीसहून अधिक मंडळींना बोलावलं आणि मिशनऱ्यांकडचा चहा-बिस्किटं समोर ठेवली. मग कोणकोण आलं होतं ती यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आली. स्क्रीनशॉट व्हायरल, दुसरं काय. यादीत रानडे, गोखले आणि टिळकही! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं तरी भटजी मिळायची मारामार. म्हणजे सुधारकांच्या लेखी टिळक सनातनी, आणि सनातन्यांच्या लेखी बाटलेले. मधे उभा राहणाऱ्याला दोन्हीकडून मिळतं, ही सोय तेव्हापासून आहे.

आता सगळ्यात जड भाग. मुलांसोबत ऐकत असाल तर एक मिनिट पुढे जा.

कलकत्त्यात फुलमणी नावाची मुलगी होती. वय साधारण अकरा. नवरा तिशी ओलांडलेला. लग्नानंतरच्या शरीरसंबंधात ती मेली. नवऱ्याला बलात्काराची शिक्षा होऊ शकली नाही, कारण कायद्यात संमतीचं वय दहा होतं आणि ती दहाच्या वर होती. एक वर्ष सक्तमजुरी झाली, तीही निष्काळजीपणाबद्दल. यानंतर संमतीवयाचं बिल आलं : दहाचं बारा करा. फक्त बारा! १९ मार्च १८९१ ला ते पास झालं.

पण त्याआधी महाराष्ट्र पेटला. टिळक बिलाच्या विरोधात सगळ्यात पुढे. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण ते 'बालविवाह चांगला' असं नव्हतं. ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनी स्वतः सूचना मांडली होती : मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत, मुलांची वीसच्या आत, विधवांचं केशवपन करू नये, हुंडा घेऊ नये. सोळा! बिलापेक्षा चार वर्षं जास्त. पण अट ही, की ज्यांना पटतं त्यांनी सही करून आधी स्वतःला बांधून घ्यावं. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घेऊन येऊ नये. आज एकदा दार उघडलं तर उद्या कशाकशात शिरतील? हा युक्तिवाद फालतू नाही. साम्राज्याने 'तुमच्या बायकांना वाचवतो' हे कारण जगभर वापरलेलं आहे.

आगरकरांचं उत्तर साधारण असं, की लोकांच्या सहीची वाट पाहायची तर तोवर मरणाऱ्या मुलींचं काय? चोरी थांबवायला आपण चोराची सही घेतो का? जो कायदा मनुष्यजीव वाचवतो तो कुणी केला हा प्रश्न नंतरचा.

इथे माझा तोल आगरकरांकडे जातो आणि मी तो लपवणार नाही. टिळकांची सोळाची सूचना कागदावर जास्त पुरोगामी होती, पण ती सही करणाऱ्याला लागू होती, आणि सही नवरा करणार किंवा बाप. अकरा वर्षांच्या मुलीसमोर तो कागद येणारच नव्हता. दोन विद्वान मित्र उदार मनाने मतभेद ठेवतात हे सुंदर आहे, फक्त त्या मतभेदाचं बिल तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघतं. शेजाऱ्याशी 'आपलं पटत नाही तरी चहा पिऊ' म्हणताना मला हे आठवतं. वाद टोलच्या रकमेवरून असेल तर खुशाल चहा प्यावा. वाद शेजारच्या तिसऱ्या घरातल्या माणसाने इथे राहावं की नाही यावरून असेल, तर त्या चहाला त्यालाही बोलवायला पाहिजे ना?

आणि आगरकरांनी किंमत मोजली. पुण्यातल्या लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली, ते जिवंत असताना, त्यांच्या घरावरून. तिरडीवर पुतळा. घरात पोरंबाळं, दम्याने बेजार झालेला माणूस, आणि बाहेरून आपलंच प्रेत चाललेलं. १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते, तरी हे.

त्यांच्या घरातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या. देवधर्म, व्रतवैकल्यं, सोवळं सगळं करायच्या. नवरा महाराष्ट्रातला सगळ्यात बदनाम नास्तिक. आणि या नास्तिकाने घरात बळजबरी केली नाही. ज्याने सरकारला कायदा करा म्हणून सांगितलं त्याने बायकोच्या देवघराला हात लावला नाही. काही जण याला आगरकरांचा पराभव म्हणतात : घर सुधारलं नाही आणि गाव सुधारायला निघाले. मला तसं वाटत नाही. उपास करणं आणि अकरा वर्षांची मुलगी मरणं या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकायच्या नसतात, हे त्यांना कळत होतं. यशोदाबाईंना काय वाटत होतं हा वेगळा प्रश्न. प्रेतयात्रा त्यांच्याही दारावरून गेली होती.

१७ जून १८९५. आगरकर गेले. एकोणचाळिसावं पुरं व्हायला महिना बाकी. उशाशी एक पुरचुंडी सापडली, त्यात स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे बांधून ठेवलेले. बायकोला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. सात-आठ वर्षं एकमेकांवर लिहून लिहून झालेले टिळक शेवटच्या आजारात त्यांना भेटून आले. आणि मग 'केसरी'त, आगरकरांनीच सुरुवातीला चालवलेल्या 'केसरी'त, त्यांच्यावर अग्रलेख लिहिला. जवळच्यांनी सांगून ठेवलंय की तो सांगताना टिळकांना वारंवार थांबावं लागलं, रडू आवरत नव्हतं.

इथे बहुतेक व्याख्यानं संपतात आणि टाळ्या पडतात. पण कॅलेंडर तिथे थांबत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात, म्हणजे सहा महिन्यांत, पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. दरवर्षी काँग्रेसच्याच मंडपात नंतर सामाजिक परिषद व्हायची, रानड्यांची. टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी विरोध केला : आमच्या वर्गणीच्या मंडपात सुधारकांची सभा नको. मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी वाद न वाढवता परिषद दुसरीकडे भरवली. म्हणजे जूनमध्ये रडणारे टिळक आणि डिसेंबरात मंडप न देणारे टिळक एकच. त्यांना यात विसंगती वाटली असेल असं मला वाटत नाही.

आणि रखमाबाई? त्या तुरुंगात गेल्या नाहीत. १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि १८८९ मध्ये त्या लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. परत येऊन सुरतेत आणि मग राजकोटला बायकांच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर काम केलं. मुलींच्या लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९ ला झाला तेव्हा आगरकर जाऊन चौतीस वर्षं झाली होती, टिळक जाऊन नऊ. रखमाबाई होत्या. १९५५ पर्यंत होत्या.

पुढच्या भागात पंचहौदच्या चहाची पूर्ण गोष्ट, फार मागणी आहे. पाऊस वाढलाय, लाइट जायच्या आत अपलोड करतो. भेटू.